बिब्ब्याच्या देवी

आमच्या घरी देवी आल्या त्या माझ्या सांगण्यावरून.

देवी म्हणजे तो रोग, ज्याचं नाव घेताना आमच्या चिंचवडात माणसं आवाज खाली करत आणि हात जोडत. तो ज्याच्या अंगावर फुटे त्याला रोगी म्हणायची सोय नव्हती. साक्षात देवी त्याच्या अंगात मुक्कामाला आलेली असे! मग दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा. घरात फोडणी बंद, तळण बंद, औषधाचं तर नावही नाही, आणि परका माणूस उंबरा ओलांडत नसे. जाताना देवी कुणाचे डोळे नेत, कुणाचा जीव नेत आणि फारच प्रसन्न असल्या तर तोंडावर खड्डे ठेवून जात. अशा देवीला मी, धडधाकट, लग्न ठरलेला माणूस, आपण होऊन घरी बोलावलं. आज आठवलं की माझा मीच थक्क होतो.

याच्या मुळाशी आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. अण्णांचं आळीच्या तोंडाशी भुसाराचं दुकान होतं. इंग्रजांच्या वेळी ते तुरुंगात गेले तेव्हा तुमच्याआमच्यासारखं बोलत. सुटून आले ते पोटदुखी आणि पुस्तकी मराठी घेऊन. तिथं पहिल्याच दिवशी दोन वॉर्डरांनी त्यांना भिंतीशी दाबून धरलं होतं आणि साहेबाच्या हुकमानं त्यांच्या दंडावर देवी टोचल्या होत्या. लाठीची गोष्ट अण्णा हसत सांगत, बेड्यांची हसत सांगत. ही गोष्ट सांगताना मात्र त्यांना हसू येत नसे. बाही वर करून तो रुपयाएवढा व्रण दाखवत आणि म्हणत, "हा गुलामीचा शिक्का." मग बाही खाली करून पुन्हा तराजूला लागत.

तर स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती, मोशीच्या तात्यांच्या इंदूशी माझं लग्न ठरून मांडवाचे वासे अंगणात येऊन पडले होते, आणि अशात पवना नदीपलीकडच्या वाडीत एकाला देवी आल्या. लगेच आमच्या आळीत दवंडी पिटली गेली. लहानथोर सगळ्यांनी देवी टोचून घ्यायच्या, सरकारचा कायदा आहे, न ऐकेल त्याच्यावर खटला.

दवंडीमागोमाग नर्सबाई आल्या. सायकलवर!

बाईमाणूस सायकलवर बसतं हे आमच्या आळीनं तोवर ऐकलंही नव्हतं, पाहणं दूरच. पांढरं पातळ, पायात बूट, मागं चामड्याची पेटी आणि घंटी अशी खणखणीत की गंगूमावशीची म्हैस दावं तोडून पळाली. (गंगूमावशी म्हणजे आमच्या शेजारीण. त्यांच्या आवाजाला म्हैस कधी भ्यायली नव्हती!) बाई मूळच्या कोकणातल्या, आडनाव साळवी. त्या उतरल्या, सायकल आमच्याच ओट्याला टेकवली आणि म्हणाल्या, "चला, दंड उघडे करा."

अण्णा ओट्यावर उभे राहिले. आळी जमली.

"बाई," अण्णा म्हणाले, "या देशात आता परक्याची सत्ता नाही. माझ्या गृहावर माझी सत्ता. माझ्या दंडावर माझी सत्ता. माझ्या अनुमतीवाचून तिथं डासानंही बसता कामा नये!"

"डासाला सांगून बघितलंत?" बाईंनी विचारलं.

"विनोद नको. इंग्रजानं बळानं टोचलं. स्वराज्यातही बळानंच टोचणार असाल तर फरक तो काय राहिला?"

आळीनं टाळ्या वाजवल्या. आळीला स्वातंत्र्याचं एवढं काही पडलं नव्हतं, तिला सुई नको होती. सगळ्यांत मोठी टाळी माझी होती. मी त्या वेळी पिंपरीच्या माळावर नव्यानं उभ्या राहणाऱ्या एका औषधाच्या कारखान्यात टाइमकीपर होतो. उद्या देशभर जे औषध सुईतून टोचलं जाणार ते तिथं तयार होणार होतं, आणि तिथला हा सेवक आईनं गोधडी शिवायला घेतली तरी खोलीबाहेर जात असे!

बाईंनी पेटी बंद केली. "उद्या सकाळी पोलीस पाटलांना घेऊन येते. टोचून घ्या, नाहीतर त्यांच्याबरोबर कोर्टात चला."

"कारावास मला नवीन नाही!"

"व्हय, पर पोराचं लगीन नवं हाय!" आतून आई ओरडली. "वरबाप तुरुंगात आन् वरात दारात, आसं करायचं का?"

अण्णांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तुरुंगाचं नक्की झालंय. आणि मला त्याच क्षणी कल्पना सुचली. मला आयुष्यात फार थोड्या कल्पना सुचल्या आहेत. त्या सुचल्या नसत्या तर आयुष्य बरं गेलं असतं.

ज्या घरी देवी आल्यात त्या घरात टोचायला कुणी जात नाही, हे आळीतलं शेंबडं पोरही जाणत होतं. मग दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा, मी दोन दिवस पडून राहायचं, बाई दारावरूनच हात जोडून परत जाणार. मग "सौम्य होत्या, गेल्या" असं सांगायचं आणि बोहल्यावर चढायचं. अण्णांचं तत्त्व शाबूत, माझा दंड शाबूत!

आई कपाळाला हात लावून खालीच बसली. "आरं, द्येवीची थट्टा करतोस? ती काय मावशी हाय तुजी, उगं ये म्हनायला?"

अण्णा म्हणाले, "हे असत्य आहे." मग त्यांनी मांडवाच्या वाशांकडे पाहिलं. "मी असत्य बोलणार नाही. मात्र उद्या माझं मौन असेल." आणि ते सूत कातायची टकळी शोधायला गेले. सत्य आणि सोय एकाच वेळी सांभाळायची ही युक्ती पाहून मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला.

आता अंगावर फोड हवेत. कुंकवाचे ठिपके घामानं जातात. मग मी आईच्या बटव्यातला बिब्बा काढला. आमच्याकडे बिब्बा घरोघर असे. धोबी त्याच्या तेलानं कपड्यांवर खुणा करी, टाचेच्या भेगेत तेच तेल भरत. बिब्ब्याला सुई टोचायची, दिव्यावर धरायचा, की काळं तेल सुटतं. ते सुईच्या टोकावर घेऊन मी अंगभर ठिपके द्यायला बसलो. दोन्ही दंड, छाती, पोट, गाल, कपाळ, काही सोडलं नाही. नर्सबाईंची एक सुई चुकवण्यासाठी हा मर्दगडी तापवलेल्या सुईनं स्वतःला अंगभर टोचत बसला होता, आणि वर शीळ घालत होता!

बिब्बा उततो, अंग सुजवतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तो दुसऱ्यांना उततो, अशी माझी समजूत होती.

सकाळी डहाळा लागला आणि आळीत शांतता पसरली. मी आतल्या खोलीत लिंबाच्या पाल्यावर पांढरं धोतर पांघरून पडलो होतो. खिडकीतून पाहतो तर बायका ओळीनं येताहेत, कुणाच्या हातात दहीभात, कुणाच्या हातात नारळ, हिरवा खण. उंबऱ्याबाहेर ठेवायचं, डोकं टेकायचं आणि पाठ न दाखवता मागं सरकायचं. गंगूमावशी आल्या. गेली वीस वर्षं त्यांनी मला "मुडद्या"शिवाय हाक मारली नव्हती. त्या ओट्याखाली धुळीत गुडघे टेकून बसल्या आणि खिडकीकडे हात जोडून म्हणाल्या, "आईसायेब, त्या दिसी तुमाला झाडूनं हानलं, पोटात घाला. आन् म्हैस आटलीया, तेवढं बगा!"

मी पाल्यावर पडल्या पडल्या स्तब्ध झालो. इतका मान मला पुढं लग्नातही मिळाला नाही. एक क्षण वाटलं, म्हशीचं काहीतरी करायला हवं.

दुपार झाली आणि अंग चुरचुरायला लागलं. मग आग व्हायला लागली. ठिपका होता तिथं फोड आला, दोन फोडांचा एक झाला. गाल सुजून डोळ्यांशी आले, ओठ सुजून नाकाशी आले. आईनं आरसा दाखवला तर आत कुणीतरी तिसरंच होतं. मी विचारायला गेलो, "हे कोण?" तर तोंडातून नुसतं "हॅ हो" आलं.

आईच्या हातातून आरसा पडला. "खोटं बोलावलंस, आन् खरी आली रं!" ती पदर पसरून जमिनीवर पालथी पडली. "आई माये, पोरगं खुळं हाय! पदरात घे, पर डोळं नगं नेऊ त्येचं!"

आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. मी स्वतःच्या हातानं ठिपके काढले होते, हातावर बिब्ब्याचे काळे डाग होते, तरी मला वाटलं की ती आली आहे. त्या अर्धवट उघड्या डोळ्यांसमोर मला खोलीच्या कोपऱ्यात काहीतरी मोठं, हिरवं उभं दिसलं. (नंतर कळलं, ते मांडवासाठी आणलेलं केळीचं झाड होतं.) मी मनातल्या मनात सगळ्या जगाची क्षमा मागितली. इंदूचा चेहरा मी एकदाच पाहिला होता, तो आता दिसणार नाही या विचारानं मला रडू आलं, आणि अश्रू फोडांवर ओघळल्यावर आणखी रडू आलं.

अण्णा दारात येऊन उभे राहिले. मौन होतं, पण टकळीचा धागा तुटला होता आणि ते तो जोडत नव्हते.

इकडे आळीत निराळंच चाललं होतं. अण्णांनी टोचून घ्यायला नाही म्हटलं आणि देवी नेमक्या अण्णांच्याच घरी आल्या, ही बातमी घरोघर गेली होती. बाई पोलीस पाटलांसह आल्या तेव्हा कालची टाळ्या वाजवणारी आळी बाह्या वर करून रांगेत उभी! गंगूमावशी सगळ्यांत पुढे होत्या आणि त्यांचे दोन्ही दंड उघडे होते, न जाणो एक कमी पडला तर! पोलीस पाटलांना काही कामच उरलं नाही. त्यांनीही शेवटी बाही वर केली.

दुपार उलटल्यावर रांग संपवून बाई आमच्या उंबऱ्याशी आल्या. बूट काढले, डहाळ्याला हात लावून नमस्कार केला आणि सरळ आत आल्या. आई आडवी आली. "आत येऊ नगा बाई, द्येवी हायेत!"

"असल्या तर मला ओळखतील," बाई म्हणाल्या. "आमची रोजची गाठ आहे."

हे ऐकून आई बाजूला झाली. मीसुद्धा झालो असतो.

बाईंनी माझ्या अंगावरचं धोतर काढलं, पुढून पाहिलं, पालथा करून मागून पाहिलं, मग माझी बोटं नाकाशी नेऊन हुंगली. "दंडावर आहेत, पोटावर आहेत, पाठीवर एक नाही," त्या म्हणाल्या. "का रे? जिथं तुझा हात पोचत नाही तिथं देवींचाही पोचत नाही होय? बिब्बा ना?"

"हॅ हो," मी म्हणालो.

"आई, खोबरं उगाळून लावा याला. आठवडाभरात उतरेल."

आईनं आधी देवीला हात जोडले आणि मग माझ्या पाठीत, जिथं फोड नव्हते तिथं, एक धपका घातला. एवढ्यात बाहेर बैलगाडी थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हाक.

"आन्ना! भाईर या!"

मोशीचे तात्या. माझे होणारे सासरे! चिंचवडला दूध घालायला येणाऱ्या गवळ्यानं मोशीत बातमी नेली होती. तात्या अंगणात, मांडवाच्या वाशांपलीकडे उभे होते. पुढं येत नव्हते. पटका हातात होता.

"आन्ना, येकच इचारतो. पोराला देवी आल्यात का?"

हो म्हटलं तर घर बंद, लग्न बंद, आणि देवी आलेल्या घरी कोण मुलगी देणार? नाही म्हटलं तर मग हे तोंड कशानं सुजलं ते सांगावं लागणार, आणि असल्या दिवट्याला तरी कोण मुलगी देणार? देवी की दिवटेपणा, यांतलं काय सोसेल याचा मी खिडकीतून अंदाज घेत होतो. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग मौन सोडलं.

"देवी नाहीत. बिब्बा आहे. टोचणी चुकवण्यासाठी त्यानं स्वतःच लावला आणि मी ते पाहत राहिलो. मुलगा मूर्ख आहे, तात्या. आणि त्याला बापाचं पाठबळ आहे."

तात्या वाशांवर मटकन बसले. मला वाटलं, आता पटका डोक्यावर ठेवून निघणार. पण त्यांनी पटक्यानं तोंड पुसलं आणि बराच वेळ ते तसंच झाकून ठेवलं.

"येडा चालंल," शेवटी ते म्हणाले. "येडेपनानं डोळं जात न्हाईत. पर आन्ना, येक आईका. माझी थोरली, इंदीच्या वरची, देवीनंच गेली. पाच वर्साची हुती. टोचनारा गावात आलेला, आमीच तिला धान्याच्या कनगीत लपवली. म्हनलं, आमचं लेकरू, आमची मर्जी." त्यांनी पटका गुडघ्यावर ठेवला. "तवा तुमच्या दंडावर तुमचं राज, कबूल. पर इंदी माजी हाय. ज्या घरात टोचून घेत न्हाईत त्या घरात मी पोर देनार न्हाई. ही आता माजी मर्जी."

गंगूमावशींनी टोचलेल्या दंडावरून हात फिरवला.

अण्णा पायऱ्या उतरले, नर्सबाईंसमोर आले आणि हळूहळू बाही वर करू लागले. "बाई, कायदा दाखवू नका. मला विचारा."

पोलीस पाटलांना बाईंनी हातानंच मागं सारलं आणि म्हणाल्या, "अण्णा, देवी टोचू का?"

"टोचा."

त्यांनी जुन्या व्रणाच्या शेजारीच टोचलं. अण्णांच्या तोंडून हूं की चूं नाही. पुढं आयुष्यभर ते बाही वर करून दोन्ही व्रण दाखवत. "हा इंग्रजानं घेतला. हा मी दिला." आणि दुसरा दाखवताना ते हसत. त्या दिवशी मी खिडकीत उभा होतो, सुजलेल्या डोळ्यांनी मला जेमतेम दिसत होतं, पण अण्णा मला फार उंच दिसले.

"आता नवरदेव!" बाई म्हणाल्या.

माझं भारावलेपण जागच्या जागी ओसरलं. मी दोन्ही दंड पुढे केले, फोडांनी नुसते लदबदलेले. टोचायला तसूभर जागा नव्हती! मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बिब्बा शेवटी कामाला आला होता.

"खरंच की," बाई म्हणाल्या. "दंडावर जागाच नाही. पाठीवर टोचलं तर झोपशील कसा? धोतर वर घे. मांडी मोकळी दिसतेय."

मी किंचाळलो तो आवाज मोशीपर्यंत गेला असं तात्या सांगत. ते स्वतः चिंचवडातच होते, तेव्हा ही अतिशयोक्ती समजावी.

लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. तोंडाची सूज उतरली होती, गालांवर बिब्ब्याचे काळे ठिपके तेवढे राहिले होते. पण मांडीवरची टोचणी नेमकी त्याच दिवशी भरात आली होती! मांडवाच्या दारात तात्यांची बहीण वऱ्हाडातल्या एकेकाचा दंड तपासून आत सोडत होती. माझ्यापाशी आल्यावर तिनं दंड पाहिला. "ह्याला टोचल्याची खूनच न्हाई!" आता मी काय दाखवणार? शेवटी अक्षतेला आलेल्या नर्सबाईंनी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात साक्ष दिली, जागेसकट. सप्तपदी मी लंगडत चाललो. जेवणाची पंगत मी उभ्यानं जेवलो.

लग्नाचा फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. सतरंजीवर सगळे मांडी घालून बसलेत. अण्णा, आई, तात्या, नवरी, गंगूमावशी, एका कडेला नर्सबाई. मागं एकटा नवरदेव उभा, ताठ, मान वर. येणाराजाणारा फोटोपाशी थबकतो, काय रुबाब म्हणतो. परवा नातीनं विचारलं, "आजोबा, सगळे बसलेत आणि तुम्ही एकटेच उभे का हो?"

मी घसा साफ केला. "बाळ, आमच्या घराण्यात माणूस तत्त्वासाठी उभा राहतो."

"व्हय," इंदू आतून म्हणाली, "आन् तत्त्व डाव्या मांडीवर हुतं."